काढलेला कीबोर्ड शॉर्टकट पुन्हा पुन्हा येत होता, तो असा गेला

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. ‘भाव’ टाइप करून स्पेस दिली की ‘आजचा राजापुरी हळदीचा भाव पुढीलप्रमाणे’ उमटावं, असा शॉर्टकट मी कधीतरी केला होता. पुढे त्याची गरज उरली नाही. पण परवा एका शेतकरी काकांना ‘भाव उद्या कळवतो’ लिहायला गेलो आणि गेलं ‘आजचा राजापुरी हळदीचा भाव पुढीलप्रमाणे उद्या कळवतो’. काकांनी लगेच फोन केला, "पुढं काय दिसंना, आकडा पाठवा की!" फार वाईट वाटलं.

आयफोनच्या सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट इथून तो शॉर्टकट तीनदा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

कारण सापडलं गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये. तिथला जुना टॅब माझ्या फोनच्याच खात्यावर होता. दुकान उघडून वायफाय सुरू झालं की टॅब आपली शॉर्टकटची जुनी यादी खात्यावर पाठवायचा आणि ती फोनवर उतरायची.

मग आधी टॅबवरून साइन आउट केलं. शॉर्टकट फोनवरून काढला, टॅबवरच्या यादीतूनही काढला, दोन्ही रीस्टार्ट केले आणि फोनवर तो परत आला नाही हे पाहूनच टॅब पुन्हा जोडला. एकाच खात्यावरचं कपाटात पडलेलं प्रत्येक उपकरण आधी शोधा, नाहीतर काढण्याची मेहनत वायाच जाते. आठवडा झाला, ‘भाव’ आता ‘भाव’च राहतो.