किनाऱ्यावर विचित्र दात सापडलाय? कुठल्या माशाचा आणि खरंच जीवाश्म आहे का, ते असं बघा

दात हातात आला की पहिला प्रश्न असतो ‘मेगालोडॉनचा, म्हणजे त्या नामशेष झालेल्या राक्षसी शार्कचा आहे का’. तो जरा बाजूला ठेवा. आधी सापडला कुठे ते लिहून काढा, आत्ता लगेच, मोबाइलच्या नोट्समध्ये चाललं तरी. गाव, कुठल्या बाजूचा किनारा, भरतीच्या रेषेवर मोकळा पडलेला की खडकात रुतलेला, आणि रुतलेला असेल तर खडकाचा एक फोटो. जागा माहीत नसलेला दात म्हणजे नुसती शोभेची वस्तू, मग तो कितीही भारी दिसो.

जागेवर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे आपल्या कोकणचं भूशास्त्र. इथे खाली सगळा बेसॉल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि वर जांभा, जो त्याच बेसॉल्टची झीज होऊन बनलाय. लाव्ह्यात शार्क पोहत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधे कुठेकुठे गाळ साचलाय, मुंबईत वरळी-मलबार हिलच्या अशा गाळात बेडूक आणि कासवं मिळालीत पण ती गोड्या पाण्यातली. रत्नागिरीकडे विहीर खोदताना जांभ्याखाली निळी-काळी माती आणि काळं पडलेलं लाकूड निघतं, ते मायोसीन काळातलं (साधारण २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीचं) धरतात, पण तो मुख्यतः झाडापाल्याचा मामला. उरला किनाऱ्यावरचा करळ, म्हणजे वाळू आणि शिंपल्या चुन्याने घट्ट चिकटून झालेला खडक. त्यातल्या शिंपल्या आजच्याच जातींच्या असतात, वय फारतर काही हजार वर्षं. कोट्यवधी वर्षं जुने शार्कचे दात हवेत तर कच्छला जावं लागतं, तिथे इओसीन (मायोसीनच्याही आधीचा काळ) आणि मायोसीनचे समुद्री थर उघडे पडलेत. थोडक्यात कोकणात पुळणीवर मोकळा पडलेला दात दिसला की आधी आजचाच मासा धरायचा, आणि तो नाही हे पटलं की मगच जीवाश्म बोलायचं. उलट जाल तर फसाल.

दुसरी गोष्ट, तो दात आहे का? हसू नका, अर्ध्या वेळा नसतो. कुर्लीच्या डेंग्याचं काळं टोक झिजलं की हुबेहूब दात दिसतो, पण भिंगातून बघितलं तर आतून पोकळ आणि एका कडेला बोथट गोल उंचवटे असतात. घोळ, ढोमा, शेंगाळा यांच्या डोक्यातले खडे म्हणजे ओटोलिथ, पांढरे आणि जड, ढोम्याच्या खड्यावर एका बाजूला गोल डोकं आणि लांब शेपटी अशी खाच असते. मोठ्या गोगलगायीचं झाकण, गोल आणि आतून चक्री असलेलं, तेही खूप जण दात म्हणून आणतात. शंका असेल तर कोपऱ्यातला कणभर चुरा काढून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. शंख-शिंपला-ओटोलिथ चुन्याचे असतात म्हणून बुडबुडे येतात, दात फॉस्फेटचा म्हणून बहुतेक गप्प बसतो. फक्त चुऱ्यावर हां, अख्खा दात बुडवू नका. आणि करळातून काढलेल्या दाताला चुना चिकटलेला असतो, तिथे ही टेस्ट बाद.

आता तो विचित्र प्रकार ज्याच्यासाठी मुळात लिहायला घेतलं. चपटी आडवी पट्टी, एक ते पाचेक सेंमी लांब, वरून गुळगुळीत, टोकं कोन काढलेली, टोकदारपणा कुठेच नाही, त्यामुळे कोणाला हा दातच वाटत नाही. उलटी करा. खाली एकाला एक लागून बारीक खाचा दिसल्या, फणीच्या दात्यांसारख्या, तर शंकाच नको, हा पाखटाच्या कुळातला दात, त्यातही टोकदार पंखांचे मोठे पाखट, ज्यांना ईगल रे आणि काऊनोज रे म्हणतात त्यांचा. हे शिंपल्या फोडून खाणारे मासे, म्हणून चावायला सुळे नाहीत, जबड्यात अशा पट्ट्या एकमेकींना चिकटून सपाट फरशी झालेली असते, पुढच्या झिजून पडतात आणि मागून नवीन सरकतात. म्हणून वरचा भाग झिजलेला असेल तर घाबरू नका, ते पुढच्या रांगेतलं असेल. पट्टी व्ही आकारात वाकलेली असेल तर एटोबॅटस या ईगल रेचा खालचा जबडा बघा, त्याला बाजूचे छोटे दात नसतातच, एकच रांग असते, वरच्या जबड्यातल्या पट्ट्या बऱ्यापैकी सरळ. सरळ पट्टी आणि दोन्ही टोकांना षटकोनासारखे कोन, म्हणजे शेजारी आणखी दात बसत होते, तर मायलिओबॅटिस (हाही ईगल रे) किंवा रायनोप्टेरा (काऊनोज रे). रायनोप्टेरात मधली पट्टी रुंद आणि बाजूच्या हळूहळू अरुंद होत जातात, मायलिओबॅटिसमध्ये मधली खूप लांब आणि बाजूचे एकदम चिमुकले. एका सुट्या पट्टीवरून जात सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजा पण विश्वास ठेवू नका, कुळापर्यंत पोचलात तरी काम झालं.

हीच पट्टी खाचांशिवाय असेल, आणि बाजूने बघितल्यावर पातळ पातळ थर एकावर एक रचलेले दिसले, तर तो पाखट नाही. केंडाच्या, म्हणजे अंग फुगवणाऱ्या माशाच्या, कुळातले जे काटेवाले मासे असतात त्यांच्या तोंडातलं ते चुरायचं तबक. मधोमध चीर असेल तर पक्कंच.

बाकीचे पटकन सांगतो. मोरी-मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, दाताला चकचकीत वरचा भाग आणि खडबडीत सच्छिद्र मूळ असे दोन वेगळे भाग दिसतात. दोन्ही कडांना मोठमोठे करवतीदात आणि फक्त शेंडा साधा, असा दात असेल तर हेमिप्रिस्टिस नावाचा शार्क, आणि इथे गंमत अशी की त्याची एक जात आजही अरबी समुद्रात फिरते आणि दुसरी, बरीच मोठी, मायोसीनच्या थरांत मिळते, त्यामुळे नुसत्या आकारावरून ‘जीवाश्म’ म्हणून उडी मारू नका. माशाचा सुळा लांब, मूळ नाही आणि शेंड्याला गळासारखा उलटा काटा, तर बळा म्हणजे मोठी वाकटी. गोल चकचकीत उंचवटा आणि खालून पोकळ, तर शिंपल्या फोडणाऱ्या, हाडांचा सांगाडा असलेल्या माशाची दाढ. लांब चपटा, मुळाला चकाकी नाही आणि मागच्या कडेला उभी पन्हळ, तर करवत माशाच्या करवतीचा काटा. तो ताजा असेल तर सांभाळून, करवत मासा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, बाळगणं-विकणं महागात पडेल, फोटो काढा आणि वनखात्याला कळवा.

जुना की नवा, हा भाग सगळ्यात जास्त गोंधळाचा. काळा रंग म्हणजे जुना, हे डोक्यातून काढून टाका. खाडीच्या काळ्या चिखलात पडलेलं हाड काळं व्हायला कोट्यवधी वर्षं लागत नाहीत, आणि जांभ्यातल्या लोखंडाने तर परवाची शिंपलीसुद्धा तांबूस होते. मुळाकडे बघा, वरच्या चकाकीकडे नाही. नवीन दाताचं मूळ हलकं, मळकट पांढरं, आतली भोकं रिकामी. खनिज भरलेल्या दाताचं मूळ जड लागतं, भोकं बुजलेली असतात आणि तुटलेल्या जागी आतपर्यंत एकच रंग दिसतो, नुसता बाहेरून फासलेला नाही. मुळाचा बारीक कण चिमट्यात धरून लायटरवर धरा, केस जळल्यासारखा वास आला तर आतलं प्रथिन शिल्लक आहे, म्हणजे नवीन. वास आला नाही म्हणून जुना ठरत नाही, उन्हापावसात पडलेल्या दाताचंही प्रथिन जातं.

तुलनेसाठी पुस्तकं शोधत बसण्यापेक्षा बाजार गाठा. हर्णेचा लिलाव, मिरकरवाडा, मालवण, जे जवळ असेल ते. पाखट, मोरी कापली की तोंड टाकूनच देतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, “मावशी, उद्या पाखटाचं तोंड टाकू नका, मला हवंय.” पहिल्यांदा वेड्यात काढतात, नंतर स्वतःच हाक मारतात. तोंड गरम पाण्यात ठेवा पण खळखळून उकळू नका, हाड नसून कूर्चा असते, विरघळून सगळे दात सुटे होतात आणि कुठला कुठे बसत होता ते कळत नाही. मांस मऊ झालं की जुन्या टूथब्रशने काढा, सावलीत वाळवा, माशाचं बाजारातलं नाव, बंदर आणि तारीख चिकटवा. घरचे ओरडतील, हे काम अंगणातच करा. चार-पाच जबडे जमले की किनाऱ्यावरचे बरेचसे दात तुम्हीच ओळखाल.

एवढं करून दात कशाशीच जुळला नाही तर मग विचारा. फोटो सहा काढा: वरून, खालून, पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद, सकाळचं तिरपं ऊन चांगलं. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाणं नको, एक रुपयाचीच नाणी दोन-तीन साइजची फिरतायत. आजच्या माशाची शंका असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, जीवाश्माची असेल तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा नागपूरचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस. दात विकत घेतलेला असेल तर तसं सरळ सांगा, पर्यटकांच्या दुकानात लॉकेटमध्ये मिळणारे शार्कचे दात बऱ्याचदा मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणीतले असतात, त्यांना कोकणातले म्हणून पाठवलंत तर समोरच्याचा दिवस फुकट जातो. आणि उत्तर येईपर्यंत दात घासू नका, वार्निश लावू नका, तुटलेला असेल तर फेविक्विक तर अजिबात नको. गोड्या पाण्यात एक-दोन दिवस, पाणी बदलत, मीठ निघेपर्यंत ठेवा, सावलीत वाळवा आणि कापसात गुंडाळून जागेच्या चिठ्ठीसकट डबीत टाका.