यागीची पाठ बोलायला लागली तर: या चुका टाळा

हॅम रेडिओसाठी (हौशी लोकांचा बिनतारी संवाद) बेळगावात अनगोळच्या गच्चीवर १४५ मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी, म्हणजे एका दिशेला जोर देणारी अँटेना, उभी केली, तोंड कोल्हापूरकडे केलं. एसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) १.२, म्हणजे उत्तम आला, मी खुशीत चहा प्यायला खाली. रात्री बघतो तर कोल्हापूरच्या स्टेशनच्या डोक्यावर धारवाडचं स्टेशन बसलंय. एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा दबतो. मित्र म्हणाला, "यागी हाय की नुसती काठी?"

एसडब्ल्यूआरवर विसंबलो, ही पहिली चूक. अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते एवढंच तो सांगतो, गेलेली कुठल्या दिशेला गेली ते नाही. डमी लोडचाही (पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर १ च्या जवळ येतो, म्हणून त्यावर कुणी कोल्हापूर गाठत नाही.

खरा घोळ कोॲक्समध्ये (रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल) होता. चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारा भाग) न लावता केबल थेट ड्रिव्हन एलिमेंटला (ज्या दांडीला पॉवर देतात तिला) जोडली की करंट तिच्या जाळीच्या बाहेरून उतरतो आणि केबलच अँटेना होते. मग यागीच्या मागे सिग्नल जिथे दबायला हवा तो खड्डा भरून निघतो. ओळखायला सोपं: कमी पॉवरवर पाठवताना केबलवरून हात फिरवा, एसडब्ल्यूआर मीटरचा काटा हलला तर समजा. मी फीड पॉइंटलगत (केबल अँटेनाला जोडते तिथे) कोॲक्सचेच पाच वेढे घातले, तोच चोक, काटा जागेवर बसला.

त्यात उभ्या एलिमेंटच्या मधून अँटेना धरणारा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नेला होता. एलिमेंटना समांतर असलेला तो पाइपही मग आपली लुडबुड करतो. बूम (एलिमेंट बसवलेली आडवी दांडी) रिफ्लेक्टरच्या (सगळ्यात मागच्या एलिमेंटच्या) मागून धरा, केबलही बूमवरून मागे नेऊन मगच खाली सोडा.

एवढं करून धारवाड उतरलं, पण गेलं नाही. इथं नकाशा काढला. फ्रंट-टू-बॅक (पुढच्या आणि मागच्या जोरातला फरक) २० डेसिबल म्हणजे मागे पुढच्या शंभरावा हिस्सा, पण तो आकडा तोंडापासून बरोब्बर १८० अंशांवरचा. उत्तरेपासून उजवीकडे मोजलं तर बेळगावहून कोल्हापूर साधारण ३४५ अंशांवर, म्हणजे यागीची पाठ १६५ वर, हल्याळच्या अंगाला. धारवाड १३० च्या आसपास. मधे खड्डा आणि दोन्ही बाजूंना तिरके फुगवटे, अशी यागीची पाठ पुष्कळदा असते. धारवाड त्या फुगवट्यात सापडलं होतं.

मग तोंड आजऱ्याकडे, ३१० वर फिरवलं. कोल्हापूर किंचित उतरलं, तीन एलिमेंटचा पुढचा झोत रुंदच असतो. धारवाड मात्र खड्ड्यात गेलं. उगाच सगळे तोंड नेमकं लावत बसतात. त्रास कोण देतंय ते बघून पाठ लावावी.

आणि मोजताना समोरच्याला पॉवर कमी करायला सांगा. जवळच्या जोरदार सिग्नलवर रेडिओचा सिग्नल मीटर शेवटाला टेकलेला असतो, पुढचं-मागचं सारखंच दिसतं. मी दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या.