जुना हिरा कसा वाचावा

आजीच्या हिऱ्याच्या कुड्या किंवा पणजीची अंगठी कपाटातून निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, हिरा खरा आहे का. त्याचं उत्तर सराफाकडचं टेस्टर काही सेकंदांत देतं, तेही अर्धवट. त्याआधी पाहायचे ते पैलू, कारण ते कोणत्या काळात पाडले यावर दागिना धुवायचा कसा, खडा काढायचा का आणि मोल कसं करायचं हे सगळं ठरतं.

साधनं थोडीच लागतात: दहापट भिंग (लूप), पांढरा कागद, मऊ ब्रश, शक्य असल्यास मिलिमीटरचा दशांश दाखवणारं कॅलिपर. भिंग ‘ट्रिपलेट’ (तीन काचा जोडलेलं) प्रकारचं घ्या, साध्या भिंगात कडांना रंगीत झालर दिसते. तीसपट लिहिलेली स्वस्त भिंगं टाळा. हिऱ्याची स्वच्छता, म्हणजे त्यात डाग-रेषा किती आहेत ते, जगभर दहापटीतच ठरवतात.

आधी पाठ पाहा

दागिना उलटा करा. खड्यामागे धातू मोकळा असेल आणि उजेड आरपार येत असेल, तर कोंदण उघडं. मागून पत्रा बंद असेल तर आत बहुधा चांदीचा चमकदार पत्रा असतो, आणि पोलकी-कुंदन कामात लाखही. असा दागिना पाण्यात बुडवू नका. ओलावा आत शिरला की पत्रा काळा पडतो आणि वरून खडा मेल्यासारखा दिसतो. खड्याचं काहीच बिघडलेलं नसतं, पण घरचे “हिरा काळा पडला” म्हणून हळहळतात. बंद कोंदण फक्त किंचित ओलसर मऊ कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा.

उघडं कोंदण धुता येतं. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, वीस मिनिटं भिजू द्या, मग मागच्या बाजूने ब्रश फिरवा. मागूनच, कारण मळ तिथे साचतो. हिरा पाणी झिडकारतो आणि चरबी धरून ठेवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींत याच गुणामुळे खडीतून हिरे वेगळे काढायला ग्रीस माखलेली टेबलं वापरत. डोक्याला तेल लावणाऱ्यांच्या कुड्या आठवड्यात निस्तेज होतात, त्यांचंही कारण हेच. ब्रश लावण्याआधी दागिना कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर खडा धरणारी नखी सैल आहे, धुणं थांबवा. आणि सिंकची जाळी बंद ठेवा, हे सांगावं लागतं.

पैलूंवरून काळ

लूप डोळ्याला जवळजवळ टेकवा, दागिना लूपपासून दोन-अडीच सेंटिमीटरवर आणा, कोपरं टेबलावर ठेवा. दोन्ही डोळे उघडे. हात हलत असेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवा.

तळ सपाट, वर घुमट आणि त्यावर त्रिकोणी पैलू दिसले तर तो रोझ कट. त्याला वरचा सपाट पैलू, म्हणजे टेबल, नसतो. पैलू जवळजवळ नाहीतच आणि खडा चपटा, वेडावाकडा असेल तर पोलकी. हे दोन्ही घाट आजही बनतात, त्यामुळे घाट जुना म्हणजे खडा जुना असं धरू नका. वापराच्या खुणा शोधा.

गोलसर चौकोनी बाह्यरेषा, छोटं टेबल, उंच माथा आणि टेबलातून सरळ खाली पाहिल्यावर मधोमध एक गोल ‘भोक’ दिसलं, तर तो ओल्ड माइन कट. ते भोक नव्हे. खालचं टोक तासून सपाट ठेवलेलं असतं, तेच तसं दिसतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले बरेच खडे असे आहेत. तोच साचा पण बाह्यरेषा गोल असेल तर ओल्ड युरोपियन, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९३० पर्यंतचा. आधुनिक गोल ब्रिलियंटचं गणित मार्सेल तोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये मांडलं. त्यात टेबल मोठं असतं आणि खालचं टोक बारीक.

फरक उजेडात कळतो. जुने पैलू मोठे, म्हणून निरांजनाच्या उजेडात जाड, संथ ठिणग्या पडतात. आधुनिक खडा दुकानातल्या दिव्यांखाली बारीक चमचमतो. दुकानातल्या उजेडात जुना हिरा फिका वाटला म्हणून त्याला हलका समजणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

जुन्या खड्यावर कोणी “गोवळकोंड्याचा” अशी मोहोर मारली तर पुरावा मागा. गोवळकोंडा ही बाजारपेठ होती. खाणी कृष्णेकाठी कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या. ब्राझीलमध्ये १७२० च्या दशकात हिरे सापडेपर्यंत जगातले जवळजवळ सगळे हिरे भारतातून जात, पण डोळ्याने पाहून खाण सांगता येत नाही.

खरा की नकली

काचेवर ओरखडा काढू नका. काचेपेक्षा कठीण खडे पुष्कळ आहेत, क्युबिक झिर्कोनिया हा कृत्रिम नकली खडासुद्धा काच खरवडतो. हातोडीचा ठोका तर नकोच. हिरा कठीण असला तरी चार दिशांनी सहज फुटतो. कागदावरच्या अक्षरांवर खडा ठेवून पाहण्याची युक्ती फक्त सुट्या आधुनिक गोल खड्याला लागू पडते. रोझ कटमधून अक्षरं खुशाल दिसतात, म्हणून अस्सल हिराही त्या परीक्षेत नापास होतो. वाफेची परीक्षाही ढोबळच. हिऱ्यावर फुंकलेली वाफ लगेच उडते हे खरं, पण छोट्या, धातूत बसवलेल्या खड्यावर फरक टिपणं अवघड.

भरवशाचं लक्षण म्हणजे पैलूंच्या कडा. हिऱ्याच्या कडा वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही धारदार राहतात, काच आणि झिर्कॉन (हिऱ्यासारखा दिसणारा नैसर्गिक खडा, झिर्कोनियाहून वेगळा) यांच्या कडा झिजून गोल होतात. खडा तिरका धरून मागच्या कडा पाहा. त्या दुहेरी दिसल्या तर तो हिरा नाही. जुन्या दागिन्यात असा खडा बहुधा झिर्कॉन असतो, अलीकडच्या दागिन्यात मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा. टेबलातून सरळ पाहिल्यास मॉइसनाइटची दुहेरी रेषा लपू शकते, म्हणून तिरकं पाहणं महत्त्वाचं. इंद्रधनुष्याचे रंग फारच उधळत असतील तरी संशय घ्या. क्युबिक झिर्कोनिया १९७६ पासून बाजारात आहे. १९३० सालच्या कुडीत तो सापडला तर मधल्या काळात खडा बदलला गेला. हिऱ्यापोटी गारगोटी ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते.

उष्णतेवर चालणारं टेस्टर झिर्कोनिया पकडतं, पण मॉइसनाइटला हिरा म्हणतं. त्यासाठी विद्युतवहन तपासणारं दुहेरी टेस्टर हवं. खडा गरम असेल किंवा टेस्टरचं टोक धातूला टेकलं तर उत्तर चुकतं, म्हणून दोन चाचण्यांमध्ये खडा निवू द्या. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हिराच असल्याने सर्वसाधारण टेस्टर त्याला वेगळं काढू शकत नाही. ते काम प्रयोगशाळेचं.

वजन

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्याचे १०० सेंट. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा एकदम ५ सेंटची उडी मारतो, म्हणून सुटा खडा ०.००१ ग्रॅमच्या काट्यावरच तोला. कोंदणातल्या गोल ब्रिलियंटचा अंदाज असा: व्यास × व्यास × खोली × ०.००६१, मापं मिलिमीटरमध्ये. ६.५ व्यास आणि ३.९५ खोली असेल तर १.०२ कॅरेट. हे सूत्र रोझ कटला लावू नका. तो उथळ असतो, वरून तेवढाच दिसून वजनात बराच कमी भरतो.

सराफाकडे देताना

पूर्ण प्रतवारीच्या प्रमाणपत्रासाठी खडा सुटा लागतो. बंद कोंदण एकदा उकललं की पूर्ववत बसवणारा कारागीर मिळणं कठीण, म्हणून आधी दागिन्यासकट तपासणी करून घ्या. डाग देताना, म्हणजे आगीवर सांधा जोडताना, हिरा जळू शकतो. तो शुद्ध कार्बन आहे, हवेत तापला की पृष्ठभाग दुधाळ होतो. कारागीर बोरिक अॅसिडचा लेप देतो की नाही ते विचारा. आगीतून काढलेला तापलेला खडा पाण्यात टाकू देऊ नका. लाखेच्या दागिन्याला आग लावायचीच नाही.

“नवे पैलू पाडून घ्या, चमक वाढेल” असा सल्ला मिळेल. चमक वाढते, वजन जातं. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला नासक हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये पैलू बदलल्यावर तो ७८ वर आला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने तो ४३.३८ वर आणला. कोहिनूर १८५२ मध्ये १८६ वरून १०५.६ कॅरेटवर आला. तुमच्या ८० सेंटच्या खड्याचं काय उरेल ते कारागिराकडून आधी लेखी घ्या: अपेक्षित वजन, व्यास, आणि चिरेवर फुटला तर नुकसान कोणाचं. कडेला कपचा उडालेला असेल तर आधी विचारा की तो नखीखाली झाकून बसवता येईल का.