घरच्या घरी महालय: तिथी, तर्पण आणि पान

भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष, लागला की महालयाला, म्हणजे या पंधरवड्यातल्या श्राद्धाला, गुरुजी मिळेनासे होतात. मिळालेच तर चार घरं उरकून येईपर्यंत आपले वडे गार. पिंडदानाचं श्राद्ध त्यांच्यावरच सोडावं. तर्पण करून, म्हणजे पितरांना तीळ-पाणी देऊन, पान ठेवणं मात्र घरच्यांना जमतं.

आधी तिथी काढा. माणूस गेला त्या वर्षाचं पंचांग उघडून त्या वेळी कोणती तिथी चालू होती ते पाहा. महिना आणि पक्ष सोडून द्या. वैशाख शुद्ध पंचमीला गेलेल्याचंही महालय भाद्रपद वद्य पंचमीलाच. कॅलेंडरात ‘पंचमी श्राद्ध’ असं छापलेला दिवस धरा. नुसती सूर्योदयाची तिथी बघून बरेच जण चुकतात, कारण श्राद्धाला अपराह्नकाळ लागतो, दुपारी साधारण दीड ते चार. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला, अपघातात गेलेल्याचं चतुर्दशीला. तिथी ठाऊक नसली किंवा हुकली, तर सर्वपित्री अमावास्या आहेच.

तर्पण मुलाने करावं. ज्याचे वडील हयात आहेत त्याने नाही. दक्षिणेकडे तोंड, जानवं असेल तर अपसव्य, म्हणजे उजव्या खांद्यावर. ताम्हन पुढ्यात घ्या. तळहातावर काळे तीळ, त्यावर पाणी, आणि ते अंगठा व तर्जनी यांच्या मधून सोडायचं, बोटांच्या टोकांवरून नव्हे. वडील, आजोबा, पणजोबा यांचं नाव-गोत्र घेऊन प्रत्येकाला तीनदा. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात.

स्वयंपाकात कांदा-लसूण नाही. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, कढी एवढं असलं की पान भरतं. भाज्या किती, यावरून जावा-जावांत वाद होतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. गेलेल्याला कारलं आवडत असेल तर कारलं करा. पानाभोवती रांगोळी घालत नाहीत.

काकबळीचं, म्हणजे कावळ्यासाठी वाढलेलं, पान गच्चीवर ठेवा. वडा वर दिसेल असा ठेवा, खीर-भाताखाली दडपू नका. पान ठेवलं की मागे सरा. माणूस उभा असला की कावळा कठड्यावरूनच बघत बसतो. गाईचा घास वेगळा काढा. बराच वेळ कावळा फिरकला नाही, तर तेही पान गाईला घालून घरच्यांनी जेवायला बसावं. म्हातारी माणसं आणि पोरं उपाशी ताटकळत ठेवू नयेत.

स्वयंपाकच जमणार नसेल, तर तांदूळ, कणीक, डाळ, गूळ, तूप, भाजी असा शिधा दक्षिणेसह द्यावा. त्याला आमश्राद्ध म्हणतात, आणि ते शास्त्राला मान्य आहे.