एजन्सी सोडायचीय? भांडायच्या आधी किल्ल्या ताब्यात घ्या

लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, फालतू येतात म्हणून दुकानदार ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या एजन्सीच्या माणसाला फोनवर झापतो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की आपल्याच दुकानाची गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवर दुकान शोधलं की दिसणारं पान) त्यांच्या लॉगिनवर आहे. म्हणून भांडण शेवटी.

आधी स्वतःच्या जीमेलने लॉगिन करून बिझनेस प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'पीपल अँड अ‍ॅक्सेस' उघडा. तुमच्या नावापुढे 'प्रायमरी ओनर' हवं. नुसते 'मॅनेजर' असाल तर एजन्सी तुम्हाला कधीही काढू शकते. संबंध बरे आहेत तोवरच ओनर करून घ्या. नव्या ओनरला पहिले 7 दिवस दुसऱ्याला काढता येत नाही, तो आठवडा हिशेबात धरा. एजन्सी दाद देत नसेल तर 'रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस' टाका. उत्तराला 3 दिवसांची मुदत असते. रागाच्या भरात नवी प्रोफाइल मात्र उघडू नका. जुने रिव्ह्यू जुन्या प्रोफाइलवरच राहतात आणि नवी डुप्लिकेट ठरते.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे आणि रिन्यूअलचा मेल कोणाकडे जातो, तेही बघा. गूगल अ‍ॅड्सचा 10 आकडी कस्टमर आयडी मागा, अ‍ॅडमिन हक्क घ्या. 'आमच्याच खात्यातून चालवतो' असं उत्तर आलं, तर जाहिरातीवर किती गेले आणि त्यांच्या खिशात किती, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मग 15 दिवस वही ठेवा: तारीख, वेळ, नंबरचे शेवटचे चार आकडे, काय हवं होतं, निकाल. '12 तारीख, 10.40, टाकी सफाई, पत्ता नाशिक' अशी नोंद पुण्यातल्या माणसाच्या वहीत असली, की 'तुम्ही कॉल उशिरा करता' हे एजन्सीचं ठरलेलं उत्तर चालत नाही. नोकरी मागणारे आणि माल विकायला फोन करणारे वेगळे मोजा.

आता एजन्सीला खात्यातून आपोआप जाणारा हप्ता. खातं रिकामं ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. बँक बाऊन्सचे पैसे कापते, शिवाय परत गेलेल्या इलेक्ट्रॉनिक हप्त्यावर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली चेक बाऊन्ससारखी केस होऊ शकते. यूपीआय ऑटोपे अ‍ॅपमधूनच बंद होतं. नॅच (बँकेला दिलेली हप्ता कापायची परवानगी) असेल तर स्टेटमेंटमधला यूएमआरएन, म्हणजे त्या परवानगीचा नंबर, लिहून शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्याआधी करार वाचा, मुख्यतः नोटिशीची मुदत, आपोआप नूतनीकरण आणि वाद कुठल्या शहराच्या कोर्टात जाणार ही तीन कलमं. सेल्सवाल्याने तोंडी कबूल केलेले 'महिन्याला 40 लीड' त्यात बहुधा नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर असतील तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. नोटीस मेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्हीकडून पाठवा. त्यात वहीची प्रत, सेवा बंद करायची तारीख आणि परत मागितलेली रक्कम असू द्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण ग्राहक आयोगात गेलात तर समोरचा वकील पहिला मुद्दा काढेल तो 'सेवा व्यापारासाठी घेतली होती, म्हणून हे ग्राहकच नाहीत' हाच. रक्कम मोठी असेल तर आयोगाची फी भरण्याआधी वकिलाला करार दाखवा.