बँकेच्या नावाने कॉल आलाय? या चुका टाळा

‘मी ओटीपी कुणालाच देत नाही’ असं ठामपणे सांगणारी माणसंही फसतात. कारण समोरचा आल्या आल्या ओटीपी मागतच नाही. आधी तो आपण बँकेतलेच आहोत हे पटवून देतो, आणि त्याचं खरं-खोटं आपण त्याच कॉलवर त्यालाच विचारत बसतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पटवायला त्याच्याकडे बरंच काही असतं. नाव, जन्मतारीख, पत्ता हे कुठल्या तरी फुटलेल्या यादीतून मिळतं. मग तो कार्डाचे पहिले सहा आकडे घडाघडा वाचतो आणि म्हणतो, ‘पुढचे तुम्ही सांगा, म्हणजे पडताळणी होईल.’ ऐकणाऱ्याला वाटतं, याच्यासमोर आपलं खातं उघडं आहे. पण सुरुवातीचे ६ ते ८ आकडे फक्त बँक आणि कार्डाचा प्रकार सांगतात. त्याच प्रकारचं कार्ड असलेल्या इतर ग्राहकांचेही ते तेच असतात.

स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. येणाऱ्या कॉलचा नंबर बनावट दाखवता येतो. मेसेजचंही तसंच: बँकेचं नाव लावून पाठवलेला खोटा मेसेज फोनमध्ये खऱ्या मेसेजच्या रांगेतच जाऊन बसू शकतो.

तेव्हा सरळ कॉल कट करा. कारण देत बसू नका. अशा वेळी आपली भीडच आपल्याला नडते. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. लँडलाइनवर कॉल आला असेल तर दुसऱ्या फोनवरून लावा. काही ठिकाणी समोरच्याने फोन ठेवेपर्यंत लाइन सुटत नाही, आणि नवा नंबर फिरवला तरी पलीकडे तोच ठग असतो.

ओटीपी न विचारताही तो मिळवता येतो. ‘केवायसीसाठी हे अ‍ॅप टाका’ म्हणत एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं अ‍ॅप घ्यायला लावलं, की तुमची स्क्रीन त्याला दिसू लागते. किंवा *२१* ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगतात. त्याने तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळतात आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी त्याच्या कानात पडतो. असा कोड डायल झालाच असेल तर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करा.

ओटीपीचा मेसेज पूर्ण न वाचणं ही आणखी एक चूक. तो म्हणतो ‘रिफंडसाठी’, आणि मेसेजमध्ये रक्कम खात्यातून जाणार असल्याचं लिहिलेलं असतं.

पैसे गेलेच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं व कार्ड गोठवा. पासवर्डही दुसऱ्याच डिव्हाइसवरून बदला. लाजेपोटी मेसेज आणि कॉलची नोंद पुसू नका, तक्रारीत तोच पुरावा असतो. फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात. त्यामुळे काही दिवसांनी ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा नवा कॉल आला, तर तोही लगेच कट करा.