तेलाच्या डब्यातली रॉकेट चूल कशी करावी

रॉकेट चूल म्हणजे आच पाइपात कोंडून धूरही जाळणारी काटक्यांची चूल. भंगारातून तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा आणि चार इंची लोखंडी पाइप आणा. पाइपाला जस्ताचा मुलामा नको. तापल्यावर त्याचा धूर ताप आणतो.

डब्याचं वरचं तोंड पूर्ण कापा. एका बाजूला, तळापासून दोन बोटं वर, पाइपाच्या मापाचं भोक पाडा. वेल्डिंगवाल्याकडून दोन तुकडे काटकोनात जोडून घ्या: आडवा भोकातून चार बोटं बाहेर येईल एवढा, उभा डब्याच्या काठापर्यंत. तळाशी राख पसरून त्यावर तो बसवा.

आता पाइपाभोवतीची पोकळी. चूल जमते किंवा फसते ती इथेच, आणि चुकीचे सल्लेही इथेच मिळतात: माती भरा, वाळू भरा, सिमेंट ओता, चूल मजबूत होईल. यातलं काहीही भरू नका. जड वस्तू उष्णता पिऊन बसते, पाइप लवकर तापत नाही, धूर जळण्याइतकी धग मिळत नाही आणि तो डोळ्यांत जातो. राख हलकी असते, तिच्या कणांत हवा अडकलेली असते. त्यामुळे आच पाइपातच कोंडते आणि धूरही जळून जातो. अमेरिकेत लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात ही चूल घडवली ती याच तत्त्वावर.

राख लाकडाचीच हवी, कोरडी, चाळलेली. कोळशाचे तुकडे राहिले तर आत धुमसतात. डबा चारी बाजूंनी थापटत भरा, ठासू नका. मला सगळ्यात छळलं ते नंतर राख खाली बसण्याने. वर पोकळी पडते आणि चांगली चाललेली चूल धुरावू लागते. म्हणून डब्यावर पाइपापुरतं भोक पाडलेला पत्रा झाकण म्हणून ठेवा, पण कायमचा जोडू नका. उघडून राख भरता आली पाहिजे. पाऊसही लागू देऊ नका, ओली राख पत्रा खाते.

आडव्या पाइपात मधोमध पत्र्याची पट्टी सरकवा: वरून काटक्या, खालून हवा. ही पट्टी अनेक जण गाळतात, मग चूल गुदमरते.

पातेलं थेट तोंडावर ठेवू नका. लोखंडाचे तीन तुकडे लावून अडीच सेंटीमीटर फट ठेवा. कमी ठेवली तर धूर मागे फिरतो, जास्त ठेवली तर आच वाया जाते.

तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, वाळक्या काटक्या चालतात. टोकंच जळू द्या, जळतील तशा पुढे सरकवा. धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्यामुळे चूल अंगणातच पेटवा, बंद खोलीत कधीही नाही.